साक्षगंधातला अटॅक

माझ्या पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मला हार्ट अटॅक आला, असं आमच्या निम्म्या नातेवाइकांचं आजही मत आहे. तसं काही झालं नव्हतं, हे मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, उपयोग झाला नाही. आमच्या भागात पंगतीत पसरलेली बातमी नंतर कोणी मागे घेत नाही. आणि कशाला घेतील? अटॅक आलेली बाई चारचौघांत सांगता येते. मला जे झालं होतं ते कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी शेलूबाजारला राहते आणि जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवते. नवऱ्याचं हायवेला लागून कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडे होते आणि तब्येत दणकट म्हणून सासर-माहेरात प्रसिद्ध होते. त्या वर्षी मात्र पावसाळ्यापासून काहीतरी बिनसलं होतं. वर्गात शिकवता शिकवता छातीतून आच वर चढायची. गळा, गाल, कान, सगळं तापायचं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि पदराने मान पुसायची. मुलांना वाटायचं, बाई चिडल्या. खरं तर चिडलेलीच असायची. झोप धड लागत नव्हती, आणि ऐन वेळी शब्द सापडत नव्हते. एकदा दहावीच्या वर्गात मला विषुववृत्त आठवेना. शेवटी ‘ती मधली रेघ’ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘कंबरपट्टा’ म्हणालं आणि वर्गाचा भूगोल तिथेच संपला.

शाळेत एकदा छाती फार धडधडली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या मते जगात दोनच आजार आहेत, गॅस आणि कमजोरी. गॅसला गोळी आणि कमजोरीला सलाईन. शिक्षिका म्हणून मान ठेवून त्यांनी मला दोन्ही दिलं.

घरी सांगावं तर आमचे हे म्हणायचे, “चहा कमी कर.” हाच माणूस दुकानात एखाद्या शेतकऱ्याने कपाशीचं वाळकं पान आणलं की पेरणी कधी केली, पाणी कधी दिलं, पान खालून पिवळं पडलं की वरून, एवढं सगळं विचारल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावत नाही. मी पान नव्हते, त्यामुळे माझं निदान एका वाक्यात व्हायचं.

साक्षगंध होतं भासऱ्यांच्या, म्हणजे यांच्या मोठ्या भावाच्या मुलीचं. मुलगा जऊळक्याचा. मुलाकडच्यांना सोयीचं म्हणून शिरपूर जैनचं एक मंगल कार्यालय ठरवलं होतं. मार्गशीर्षाचे दिवस. हिव असं पडलं होतं की वाढपी मफलर बांधून जिलबी वाढत होते. बायका शालीवर शाल घेऊन बसल्या होत्या. मी नवी साडी दिसावी म्हणून शाल घेतली नव्हती. नंतर या साडीलाही दोष देण्यात आला.

पुतणीची ओटी भरायला मला स्टेजवर बोलावलं. नारळ हातात घेतला आणि छातीच्या मधोमध कोणीतरी कढत पाणी ओतावं तसं झालं. आच भराभर वर चढली. काळीज असं उडायला लागलं की कानात ऐकू येत होतं. कपाळावरून घाम ओघळून कुंकू नाकावर आलं. नारळ हातातून सुटला आणि गडगडत जाऊन होणाऱ्या जावयाच्या पायाशी थांबला. मी कशीबशी खुर्चीत बसले. “मले कसंतरी होऊन राह्यलं,” एवढंच म्हणाले.

“हवा येऊ द्या, हवा येऊ द्या!” असं म्हणत सगळं कार्यालय स्टेजवर आलं.

मग उपचार सुरू झाले. एकीने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरीने शुगर कमी झाली म्हणून तोंडात पेढा कोंबला. यांची एक मावशी म्हणाली, “दृष्ट लागली तिले. एवढी भारी साडी नेसाची कायले?” आणि मीठ-मिरच्या शोधायला स्वयंपाकघराकडे गेली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत मामासासरे आले. हे यांचे सख्खे मामा. अकोल्याला त्यांची ॲन्जिओप्लास्टी झाल्यापासून ते स्वतःला निम्मे डॉक्टर समजतात आणि जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात बाळगतात. ती गोळी वापरायची संधी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

“अटॅक हाये,” ते म्हणाले. “तोंड उघड सूनबाई. जीभ वर कर.”

“मामाजी, छातीत दुखत नाई मले.”

“अवं, दुखत नाई म्हणूनच तं डेंजर हाये! त्याले सायलेंट म्हंतेत.”

तेवढं बोलायला मी तोंड उघडलं होतं, त्यातच त्यांनी गोळी सारली.

खरं सांगायचं तर आच तोवर उतरायला लागली होती. ती नेहमीच उतरायची. घाम निवायचा आणि मग अंगावर काटा यायचा, थंडी वाजायची. आणखी दोन मिनिटं मला कोणी हात लावला नसता तर मी उठून दुसरा नारळ घेतला असता. पण गोळीने डोक्यात घण बसायला लागले, डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी खरोखरीच आडवी झाले.

“पाह्यलं?” बेशुद्ध होता होता मला मामासासऱ्यांचा आवाज ऐकू आला. “मी म्हटलं नव्हतं?”

वाशीमपर्यंत जीपच्या मागच्या सीटवर यांच्या मांडीवर डोकं होतं. मध्येच शुद्ध आली. हे रडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आता मामा आणि मावशींच्या देखत दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला बोलता आलं असतं, पण मी थोडा वेळ डोळे मिटूनच राहिले.

आमच्या मागे आणखी दोन गाड्या निघाल्या होत्या. एकीत आमचे भाचे-पुतणे, दुसरीत मुलाचे आई-वडील, म्हणजे आमचे होऊ घातलेले व्याही-विहीण. माणुसकी म्हणून आले. पंगत तशीच चालू राहिली, कारण जिलबी थांबत नाही. अंगठ्या तेवढ्या राहिल्या.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. गोरगोमटा, नम्र, बाहेरगावचा असावा. त्याने पलंगाजवळ येऊन विचारलं, “काय त्रास होतोय?” आणि उत्तरासाठी यांच्याकडे पाहिलं.

“छातीत दुखून राह्यलं तिच्या,” हे म्हणाले.

“दुखत नाई,” मी म्हणाले.

“तिले समजत नाई साहेब, घाबरली हाये.”

“शुगर, बी.पी.?”

“नाई जी.”

“घरात कोणाला हार्टचा त्रास?”

“मले हाये,” मामासासरे पुढे झाले.

“तुम्ही यांचे कोण?”

“नवऱ्याचा मामा.”

डॉक्टरने तेही लिहून घेतलं.

“दारू, तंबाखू?”

“ती खात नाई,” हे म्हणाले. “मी खातो.”

तेही लिहून घेतलं गेलं. माझ्या केसपेपरवर आमच्या घराण्याची इतकी माहिती गोळा झाली होती की त्यावरून जमिनीचा वारसा लागला असता.

मग मामासासऱ्यांनी अभिमानाने गोळीची हकिगत सांगितली. डॉक्टरचा चेहरा उतरला. पाय उंच केले, सलाईन लावलं, बी.पी. वर यायची वाट बघत तो म्हणाला, “काका, आपली गोळी दुसऱ्याला अशी देऊ नका.”

“मंग काय मरू देता?” मामासासरे म्हणाले. आपल्यामुळे जीव वाचला आणि या पोराला त्याची कदर नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

ई.सी.जी. काढायला एक मुलगी आली. तिचे हात बर्फासारखे गार होते. दिवसभरातला तो एकमेव उपचार मला मनापासून आवडला. पट्टी चांगली निघाली. रक्ताचा पहिला रिपोर्टही चांगला आला. काही तासांनी आणखी एकदा रक्त बघायचं म्हणून मला एका खोलीत हलवलं. माझ्यामागून नातेवाईकही हलले.

एव्हाना मी ठीक होते. डोकं दुखत होतं तेवढंच. पण मी ठीक आहे हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. तो तरुण डॉक्टर पुन्हा आला आणि बराच वेळ प्रश्न विचारत राहिला. जेवण कधी केलं, लहानपणी काही ऑपरेशन झालं का, दम लागतो का, पोट साफ होतं का. छातीपासून विचारत विचारत तो पोटापर्यंत आला, बेंबीपाशी थबकला आणि एकदम गुडघेदुखीवर गेला. मधला मुलूख त्याने पूर्ण टाळला. खोलीत आमची एवढी माणसं बसली होती, त्यालाही काय दोष द्यावा.

“काकू, टेन्शन फार घेता का?”

“लय घेते,” हे म्हणाले.

“नोकरी करते ना,” मावशी म्हणाल्या.

“रिपोर्ट चांगले आहेत,” डॉक्टर म्हणाला. “ॲन्ग्झायटी वाटतेय. म्हणजे घाबरण्याचा त्रास. झोपेची एक गोळी लिहून देतो.”

झोपेची गोळी म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. मी झोपले तर इतरांची सोय होणार होती. माझ्या मनात मात्र निराळंच चाललं होतं. गॅस झाला, दृष्ट झाली, अटॅक झाला, आता डोक्यात बिघाड. आपण खरंच वेड्या होत चाललोय की काय? विषुववृत्त आठवत नाही, भाजीत मीठ दोनदा पडतं, उगाच रडू येतं. असंच पुढे पुढे जात असेल का वेड? हे मी कोणाला बोलले नाही. कोणाला बोलणार? सगळे बोलत होते.

बाहेर पॅसेजमध्ये व्याही बोलत होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

“हार्टचं खानदानी असते बापा,” ते कोणाला तरी सांगत होते. “आज काकीले आलं, उद्या पुतणीले येईन. पोराच्या जिंदगीचा सवाल हाये.”

मी या घरची सून. पुतणीच्या आणि माझ्या काळजाचं नातं फक्त मायेचं, रक्ताचा त्यात थेंब नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी मामासासऱ्यांची ॲन्जिओप्लास्टीही त्यात मिळवली होती, पण ते निदान पुतणीच्या आजीचे भाऊ तरी. तेवढ्यात शिरपूरहून भासऱ्यांचा यांना फोन आला. यांचा चेहरा पांढरा पडला. व्याह्यांनी निरोप पाठवला होता की अंगठ्यांचं पुढच्या मुहूर्तावर पाहू.

दुपार कलली तेव्हा राउंडला मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, ई.सी.जी.ची पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “सगळं छान आहे. मग एवढ्या थंडीत यांना घाम का आला?”

प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता, पण सकाळपासून तो पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्या माझ्याकडे वळल्या. यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

“असं आधी झालंय?”

“हो. पावसाळ्यापासून. छातीतून आच येते वर, घाम सुटते, धडधडते. मंग पाच मिनिटांत उतरते आन हिव वाजते.”

“झोप?”

“मोडते. पांघरूण फेकते, पुन्हा घेते, पुन्हा फेकते.”

“पाळी कधी आली होती शेवटची?”

खोलीत इतकी माणसं आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, कारण ती सगळी एकदम निघाली. मामासासऱ्यांचा फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो कानाला लावला आणि “हालो, हालो” करत बाहेर गेले. दोन भाच्यांना एकाच वेळी चहाची तल्लफ आली. व्याही दारात पाऊल टाकत होते, ते तसेच उलट्या पावली मागे सरले. सलाईनपेक्षा, गोळीपेक्षा तो एक शब्द गुणकारी निघाला. खोलीत हवा आली. मावशी तेवढ्या राहिल्या, पण खिडकीकडे तोंड करून. हे सलाईनच्या दांडीला धरून उभे होते, त्यामुळे यांना पळता आलं नाही.

“रेग्युलर हाये मॅडम,” हे म्हणाले.

“तुम्हाला येते का?”

“ना... नाई.”

“मग त्यांना बोलू द्या.”

मला हसू फुटलं. नंतर मी सांगितलं. आषाढात, आखाडीच्या आसपास एकदा आली होती, मग दसऱ्याच्या आधी जराशी, त्यानंतर नाहीच. मला आनंदच झाला होता. कटकट गेली म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. ती जाता जाता एवढा गोंधळ घालून जाते, हे कोणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, सासूने नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नसणार.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पाळी कायमची थांबायच्या आधी काही वर्षं शरीरातले हार्मोन खालीवर होतात. त्यात अंगाचं तापमान सांभाळणारी यंत्रणा उगाच दचकते, म्हणून आच, घाम, धडधड. झोप मोडली की विसरायला होतं, चिडचिड होते. “तुम्ही वेड्याबिड्या होत नाही आहात,” त्या म्हणाल्या. मी तर ते विचारलंही नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

“थायरॉइड आणि रक्ताचं प्रमाण बघून घेऊ, त्यानेही असं होतं. आणि तुम्ही इथे आलात ते बरंच केलंत. या वयात हृदयाचा त्रासही असाच दबक्या पावलांनी येतो. आधी हृदय बघायचं. ते नीट निघालं की पुढचा प्रश्न विचारायचा.” मग त्या तरुण डॉक्टरकडे वळल्या. “विचारला होता का?”

“मॅडम, एवढे लोक होते...”

“मग लोकांना बाहेर काढायचं. प्रश्नाला नाही.”

तो लाल झाला. हे मात्र अजून दांडीला धरून होते. “याले काय म्हंतेत मॅडम?”

“रजोनिवृत्ती.”

यांनी मान डोलावली. शब्द ओळखीचा वाटला असावा. “म्हंजे सेवानिवृत्तीसारखंच.”

“तसंच समजा,” बाई म्हणाल्या, “फक्त पेन्शन नाही.”

आता खरा पेच सुरू झाला. मला काय झालं हे कळलं होतं, पण ते बाहेर कसं सांगायचं? पॅसेजमध्ये पुरुषांची बैठक बसली. हे गेले आणि म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल हायेत.”

“मंग झालं काय?” व्याही म्हणाले.

“कमजोरी.”

“कमजोरीनं माणूस असं धाडकन पडते का?”

“ते... बायांचं दुखणं हाये थोडं.”

व्याही जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “कॅन्सर हाये का?”

हे घाईने “नाई नाई” म्हणाले, पण ते इतक्या घाईने म्हणाले की व्याह्यांचा संशय पक्का झाला. मामासासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवून “जे हाये ते हाये” असं काहीतरी म्हटलं आणि उरलीसुरली आशाही मालवली. एका शब्दापायी माझ्या पुतणीची सोयरीक मोडायच्या बेतात आली होती. तिथे बसलेल्या प्रत्येक पुरुषाच्या घरी ती गोष्ट घडली होती, घडत होती किंवा घडणार होती. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ.

मी मावशींना म्हटलं, “ईनबाईले आत पाठवा.”

विहीणबाई शहाळं घेऊन आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. सकाळपासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मी सरळ सांगितलं, “मले हार्टचं काही नाई आन कॅन्सरबी नाई. माझी पाळी बंद होऊन राह्यली, त्याचं हे सगळं हाये.”

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. मग दार लोटून घेतलं आणि खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून बसल्या.

“आग होते का अंगाची? कानापासून?”

“हो.”

“मलेबी होते हो,” त्या म्हणाल्या. “दोन सालं झाले. मी कोणाले बोलली नाई. मले वाटे, माझं डोकं फिरून राह्यलं.”

आम्ही दोघी बोलत सुटलो. अटॅक, साक्षगंध, सोयरीक, सगळं बाजूला राहिलं. मावशीही हळूहळू खिडकीकडून आमच्याकडे वळल्या. बोलता बोलता विहीणबाई म्हणाल्या, “पण माझं जास्त हाये तुमच्यापेक्षा. वावरात जातानी चढ लागला का इथं जबड्यात दुखते, डावा हात जड पडते. बसली का बरं वाटते. पुन्हा चालली का पुन्हा तेच. तुमाले होते का तसं?”

मला तसं कधीच होत नव्हतं. माझी आच बसल्या जागी यायची, चालण्याशी तिचा संबंध नव्हता. मी भूगोलाची मास्तरीण, मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण मघाचं ‘दबक्या पावलांनी’ कानात ताजं होतं.

“ईनबाई, हे वेगळं वाटते. आत्ताच दाखवा.”

त्यांनी माझा हात दाबला. “नको जी. आज नको. पोराची माय बिमार हाये असं झालं तं तुमचे लोक काय म्हणतीन? सोयरीक झाली का दाखवीन. तुमी बोलू नका कोणाले.”

म्हणजे बाहेर व्याही आमच्याकडचं काळीज तपासत होते आणि आत त्यांची बायको स्वतःचं लपवत होती. मी पलंगाशेजारची बेल दाबली आणि दाबूनच धरली.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विहीणबाईंना दोन-चारच प्रश्न विचारले. चालताना होतं का, थांबल्यावर जातं का, हल्ली थोडं चाललं तरी होतं का. आणि लगेच ई.सी.जी.चं यंत्र मागवलं. यंत्र खोलीत आलेलं पाहून व्याही मागोमाग आले. एव्हाना यांनी कशीबशी हिंमत करून त्यांच्या कानात तो शब्द सांगितला होता, त्यामुळे व्याही आता जाणकार झाले होते.

“मॅडम, तिले काही नाई,” ते म्हणाले. “तिचंबी तेच असन. वय झालं ना.”

“कशावरून?”

“आत्ताच तं समजलं आमाले.”

“फार लवकर शिकलात,” बाई म्हणाल्या. “थोडं बाहेर बसा.”

विहीणबाईंची पट्टी चांगली नव्हती. मला ते बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी ती दोनदा काढायला लावली. मग व्याह्यांना बोलावून सांगितलं की हृदयाला रक्त कमी पडतंय, अकोल्याला नेऊन ॲन्जिओग्राफी करायला हवी, आणि ती आजच. मामासासऱ्यांचा हात खिशाकडे गेला. “मामाजी, हात बाहेर!” मी ओरडले. माझ्या आयुष्यात मी त्यांच्याशी कधी त्या आवाजात बोलले नव्हते. त्यांनी हात बाहेर काढला.

व्याही मटकन बाकावर बसले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. “मले बोलली काहून नाई?” एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. स्ट्रेचरवरून जाता जाता विहीणबाईंनी उत्तर दिलं, “तुमी विचारलं कवा?”

अकोल्याला दोन ठिकाणी अडथळे निघाले आणि स्टेंट टाकले. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. मला त्याच संध्याकाळी सुट्टी मिळाली. मी बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये आमच्यातलं कोणीच नव्हतं. सगळे अकोल्याच्या गाड्यांमागे गेले होते. तिथे खरा अटॅक होता.

खानदानी दुखण्याबद्दल मग कोणी काही बोललं नाही. भासरे तर मुळीच नाही. त्यांनीच धावपळ करून अकोल्याला राहायची सोय लावली आणि जाऊबाई रोज डबा पाठवत राहिल्या. फक्त एकदा पोळ्या लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, “आता सांगा, कोणाचं काळीज कोणाले लागते ते.” म्हणाल्या आणि स्वतःच दचकून दाराकडे बघितलं.

माघ लागल्यावर अंगठ्यांचा कार्यक्रम जऊळक्याला त्यांच्या घरीच, अंगणात, मोजक्या माणसांत झाला. ओटी भरायला पुन्हा मलाच बसवलं. मला आच आली, अगदी ठरल्यासारखी. मी नारळ खाली ठेवला, पदराने वारा घेतला, कोणीतरी पुठ्ठ्याने हवा घातली, आणि आच उतरल्यावर ओटी भरली. भटजी थांबले होते. कारण विचारायची त्यांची छाती झाली नाही.

माझं औषध चालू आहे, फिरणं चालू आहे, आच पूर्वीपेक्षा कमी आहे. आमच्या यांना आता दुकानात कोणी बाईने घाम येतो, झोप येत नाही असं म्हटलं की हे तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजतात आणि वाशीमला पाठवतात. शब्द मात्र इंग्रजीच वापरतात. मराठीत तो यांना अजून अश्लील वाटतो.

विहीणबाईंचा सकाळी फोन येतो. डॉक्टरांनी सपाट जागी चालायला सांगितलं म्हणून त्या जऊळक्याच्या स्टेशनच्या फलाटावर चालतात आणि चालता चालता बोलतात. परवा म्हणाल्या, “आता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, थांबा लागत नाई. जबडा बी दुखत नाई.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण ते दुसरं, आग होणं, ते काही गेलं नाई हो.”

“माझंबी नाई,” मी म्हणाले.

पलीकडे मालगाडी आली असावी, बराच वेळ नुसता धडधडाट ऐकू येत होता. ती जाईपर्यंत दोघींनीही फोन ठेवला नाही.